भार टाकायला शिकताना : उत्स्फूर्त नृत्यवर्गाचा आठ महिन्यांचा अनुभव

लातूरमध्ये दर रविवारी सकाळी दोन तास भरणाऱ्या उत्स्फूर्त नृत्याच्या वर्गाला मी गेल्या जूनपासून जात आहे. माझे वय ५२, नोकरी आडत दुकानात हिशेब लिहिण्याची आणि नाचाचा पूर्वानुभव लग्नाच्या वरातीपुरता. आठ महिन्यांची फी पदरची भरली असल्यामुळे काय मिळाले आणि काय नाही, हे सविस्तर लिहितो.

या प्रकाराला ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन’ म्हणतात. अमेरिकी नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यांनी आयकिडो या जपानी युद्धकलेचाही अभ्यास केलेला असल्यामुळे पडणे आणि लोळणे यांना येथे पावलांइतकेच महत्त्व आहे. ठरलेल्या स्टेप नसतात, आमच्या वर्गात संगीतही नसते; दोघांनी एकमेकांना टेकून, स्पर्शाची जागा जिकडे सरकेल तिकडे जायचे. कथक शिकणारी माझी भाची म्हणाली, की उपज (ऐनवेळी सुचलेला नाच) कितीही मोकळी असली तरी तिला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावेच लागते, तुमच्याकडे तर समच नाही. पहिले दोन महिने माझीही तक्रार तीच होती. त्यातच वर्गाची सुरुवातीची पंधरा मिनिटे नुसते उभे राहण्यात जातात. पॅक्स्टन याला ‘छोटा नाच’ म्हणत, कारण स्थिर उभ्या माणसाचे घोटे आणि तळवे तोल सावरण्यासाठी सतत हलत असतात. ते खरे आहे. पण पैसे भरून उभे राहतो, हे घरी सांगण्याची सोय नव्हती.

खरा विषय भाराचा आहे. एकाने हात-गुडघे टेकून पाठ सपाट करायची आणि दुसऱ्याने त्यावर आडवे पडायचे, असा एक सराव असतो. भार खांद्यांच्या किंवा कमरेखालच्या हाडांवर टाकायचा, पाठीच्या मध्यावर नाही. म्हणजे तो हाडांतून सरळ जमिनीत उतरतो आणि सडपातळ माणूसही जाड्या माणसाला पेलतो. खाली राहण्यात मी पहिल्या दिवसापासून तरबेज होतो. वर पडायची वेळ आली की मात्र माझ्या पायांची बोटे फरशी सोडत नसत. वर्ग घेणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, “काका, तुम्ही टेकल्यासारखं दाखवता, टेकत नाही.” मला ते लागले. फुगडीत दोघेही मागे झुकले नाहीत तर फेर धरत नाही, हे लहानपणी कोणी न सांगता कळत होते. थोरला मुलगा म्हणून घर सांभाळताना ते कधी विसरलो, हे सांगता येणार नाही. बोटे सुटायला ऑक्टोबर उजाडला. डिसेंबरात आई दवाखान्यात होती, तेव्हा सात रात्रींपैकी चार रात्री धाकट्या भावाने काढल्या आणि मी त्या चारही रात्री घरी झोपलो. पूर्वी मी त्याला पाठवून स्वतःही बाकावर बसून राहिलो असतो. (त्याने एक औषध दोनदा आणले, ते परत केले.)

पडण्याच्या शिक्षणाबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नये. तळहातावर न आपटता पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असे क्रमाने जमिनीला लावत जायचे, हे वर्गात मला उत्तम जमते. जानेवारीत न्हाणीघरात घसरलो तेव्हा जुन्या सवयीने मनगटच पुढे गेले आणि पंधरा दिवस पट्टी बांधावी लागली.

उणिवाही आहेत. सभागृहाला शहाबादी फरशी आहे. थंडीत ती बर्फासारखी लागते आणि सतरंजी अंथरली तर लोळताना गोळा होते. गुडघ्यांचे पॅड पहिल्याच आठवड्यात घ्यावेत. शेवटची अर्धा तास चालणारी मनोगते निम्म्यावर आणता येतील. सुरुवातीला आम्ही अकरा जण होतो, आता सहा उरलो आहोत. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना टेकायचे म्हटल्यावर आपल्याकडे जे व्हायचे ते झालेच. तरी कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बाजूला होऊ शकतो, हा नियम बाई काटेकोरपणे पाळतात आणि जे टिकले ते मुख्यतः त्यामुळेच टिकले. मणक्याचा किंवा गुडघ्याचा जुना आजार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय येऊ नये, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात बसवायला एखादा नाच हवा असेल त्यांनी तर येऊच नये.

पुढच्या तीन महिन्यांची फी मी भरली आहे. तुरीचा हंगाम असल्यामुळे दोन रविवार बुडतील, तेवढे कळवून ठेवले आहे.