वर्गणी भरावी की अल्बम विकत घ्यावा? ख्याल ऐकणाऱ्याचा हिशेब

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आवडीने ऐकणाऱ्या आणि आपल्या पैशातून नवे ध्वनिमुद्रण उभे राहावे असे वाटणाऱ्या श्रोत्यापुढे आज मुख्यतः दोन मार्ग आहेत: स्ट्रीमिंग सेवेची मासिक वर्गणी भरणे किंवा कलाकाराकडून अल्बम विकत घेणे.

आधी वर्गणीचे पाहू. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा एका व्यक्तीची वर्गणी महिना ११९ रुपये होती. अमेरिकेत त्याच वेळी ती ९.९९ डॉलर, म्हणजे सुमारे ७०० रुपये होती. दर पुढे बदलले, तरी हिशेबापुरता तोच आकडा धरू. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा केला की सुमारे १०१ रुपये उरतात आणि कंपनी सांगते त्याप्रमाणे उत्पन्नाचा साधारण दोन-तृतीयांश वाटा हक्कधारकांना गेला, तर ते होतात ६७ रुपये. महिन्यात ५०० वेळा काही ना काही लावणाऱ्या श्रोत्याचे हे दर वेळेला जेमतेम १३ पैसे पडतात.

हे ६७ रुपयेसुद्धा आपण ज्यांना ऐकले त्यांच्याकडे सरळ जात नाहीत. सर्व वर्गणीदारांचे पैसे एकत्र करून एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे महिनाभर केवळ जयपूर घराण्याची गायकी ऐकणाऱ्याचे पैसेही बव्हंशी लोकप्रिय चित्रपटगीतांकडे वळतात. शिवाय ३० सेकंद ऐकले की एक श्रवण धरले जाते. मग ते तीन मिनिटांचे गीत असो की ४० मिनिटांचा विलंबित ख्याल. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या ग्रामोफोन तबकडीनेही गायकांना तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायला लावले होते, पण तिथे अडचण तबकडीच्या लांबीची होती, इथे ती निव्वळ मोजणीची आहे. २०२४ पासून तर ज्या ध्वनिमुद्रणाला मागील १२ महिन्यांत १,००० श्रवणेही मिळाली नाहीत, त्याला स्पॉटिफायवर ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळतच नाही. ज्याने त्याने भरलेले पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने एप्रिल २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी सुरू केली. माझ्या मते न्याय्य वाटपाची दिशा तीच आहे, कारण वर्गणी दुप्पट केली तरी वाटपाची रीत तीच राहिली तर ख्यालगायकाच्या हाती फारसे काही पडणार नाही.

विकत घेण्याचा हिशेब सोपा आहे. कलाकारांना आपले संगीत श्रोत्यांना थेट विकू देणारी बँडकॅम्प ही ऑनलाइन सेवा डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के घेते. ५०० रुपयांच्या अल्बममागे ४२५ रुपये आणि त्यातून व्यवहारशुल्क वजा जाता उरेल ते कलाकाराचे. वरच्या दराने ४२५ रुपये व्हायला तीन हजारांहून अधिक श्रवणे लागतील. स्टुडिओचे भाडे, तबला व संवादिनीच्या साथीदारांचे मानधन आणि ध्वनिमुद्रकाचे काम हे सगळे आधीच रोख मोजावे लागते, म्हणून हा फरक मोठा आहे. मात्र पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केल्यामुळे, बँडकॅम्पवरील विक्रीचे पैसे पेपॅलनेच घेणाऱ्या इथल्या कलाकाराचा अल्बम पुण्यात बसून घेणे अडते. परदेशातील मराठी श्रोत्याला ही अडचण येत नाही. इथल्या श्रोत्याने मैफलीनंतर सीडी घ्यावी किंवा कलाकाराला विचारून थेट यूपीआयने पैसे द्यावेत.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे गणित वेगळे आहे. त्यांचे हक्क बहुधा कंपन्यांकडे आहेत आणि खर्च केव्हाच वसूल झाला आहे. शिवाय विक्रीच्या काळातही गायकाला वाटा मिळतच असे असे नाही. गायकांच्या रॉयल्टीवरूनच लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात १९६० च्या दशकात दुरावा आला होता. तेव्हा जुने ऐकण्यासाठी आणि नवे नाव पारखण्यासाठी वर्गणी पुरेशी आहे. पण आज गाणाऱ्या, स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रण करणाऱ्या कलाकाराचा अल्बम दुसऱ्यांदा लावावासा वाटला, तर तो विकत घ्यावा.