थ्रीडी मॉडेलवर पारदर्शक पॅनेल: डीथ्रीडीइमेज कित्येक महिने वापरल्यावर

पुलांची आणि इमारतींची थ्रीडी मॉडेलं दाखवणारं विंडोज अ‍ॅप्लिकेशन आम्ही डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज अ‍ॅपचा इंटरफेस बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) करतो. मॉडेल डायरेक्टथ्रीडी ११ ही मायक्रोसॉफ्टची थ्रीडी ग्राफिक्स प्रणाली रंगवते. त्यावर अर्धपारदर्शक पॅनेल हवी होती: थरांची यादी, काप घ्यायचा स्लायडर, मापांचे आकडे. मॉडेल फिरवताना पॅनेलच्या मागचा भाग दिसत राहावा, ही अभियंत्यांची मागणी रास्तच होती. त्यासाठी आम्ही डब्ल्यूपीएफमधला डीथ्रीडीइमेज हा घटक निवडला.

सोपा मार्ग एचविंडहोस्टचा, म्हणजे डब्ल्यूपीएफच्या आत वेगळी विंडो बसवणाऱ्या घटकाचा. थ्रीडीला स्वतंत्र विंडो मिळते, वेगही पुरेपूर मिळतो, पण तिच्यावर डब्ल्यूपीएफचं काहीच चढत नाही. एका विंडोतला प्रत्येक पिक्सेल एकाच तंत्राच्या ताब्यात राहतो. यालाच ‘एअरस्पेस’ची अडचण म्हणतात. झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम) कितीही वाढवा, पॅनेल मॉडेलखालीच दडतं. वर दुसरी पारदर्शक विंडो तरंगत ठेवता येते, पण मुख्य विंडो ओढली की ती मागाहून येते. रोज आठ तास वापरायच्या साधनात मला ते चालणार नाही.

डीथ्रीडीइमेज २००८ मध्ये डॉटनेट (डब्ल्यूपीएफ ज्याचा भाग आहे तो मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) ३.५ च्या सर्व्हिस पॅक १ सोबत आलं. थ्रीडीचं चित्र थेट पडद्यावर न जाता एका सरफेसवर (ग्राफिक्स मेमरीतल्या पटलावर) उमटतं आणि डब्ल्यूपीएफ ते साध्या इमेजसारखं वापरतं. मग पारदर्शकता, अ‍ॅनिमेशन, गोल कोपरे, सगळं आपोआप जमतं. आमची पॅनेल आज मॉडेलवर इतकी सहज बसतात की मला ही निवड पुन्हा करायला सांगितली तरी मी हीच करेन.

कष्ट मात्र आहेत. डीथ्रीडीइमेजला फक्त जुन्या डायरेक्टथ्रीडी ९ चा सरफेस चालतो. म्हणून ११ चं टेक्स्चर (ज्यावर चित्र रंगतं तो मेमरीचा तुकडा) शेअर करून ९-ईएक्स, म्हणजे ९ च्या विस्तारित आवृत्तीच्या, डिव्हाइसवर उघडावं लागतं. दोन्ही बाजूंत आपोआप ताळमेळ नसतो. फ्लश करून (साठलेल्या आज्ञा पुढे पाठवून) ग्राफिक्स कार्डचं काम संपल्याची खात्री इव्हेंट क्वेरीने करा, मगच अ‍ॅडडर्टीरेक्ट, म्हणजे चित्राचा बदललेला भाग कळवणारी मेथड, बोलवा. नाहीतर अर्धवट रंगलेली फ्रेम दिसते. रेंडरिंग इव्हेंट (फ्रेम रंगवण्याआधी डब्ल्यूपीएफकडून येणारी सूचना) एका फ्रेमसाठी एकाहून जास्त वेळा येऊ शकतो, तेव्हा त्यातली फ्रेमची वेळ, रेंडरिंगटाइम, तपासून दुसरी फेरी सोडून द्यावी.

माउसचं गणित तर प्रत्येक नवख्याला सांगावं असं. पॅनेलचं बॅकग्राउंड ‘ट्रान्सपरंट’ असेल तर रिकाम्या जागेवरची क्लिक तेच पकडतं आणि मॉडेल फिरत नाही. बॅकग्राउंड दिलंच नाही, तर क्लिक खाली पोहोचते. नुसते आकडे दाखवायच्या पट्ट्यांना आम्ही इजहिटटेस्टव्हिजिबल (माउस पकडायचा गुणधर्म) बंद करतो.

संगणक लॉक झाला की फ्रंट बफर (डब्ल्यूपीएफ पडद्यावर दाखवतं ती चित्राची प्रत) जाऊ शकतो, परतल्यावर चित्र काळं दिसतं. इजफ्रंटबफरअव्हेलेबल बदलल्याचा इव्हेंट ऐकून सरफेस पुन्हा लावणं गरजेचं आहे. रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांसाठी सेटबॅकबफर या सरफेस लावणाऱ्या मेथडमधला सॉफ्टवेअर फॉलबॅकचा (ग्राफिक्स कार्ड नसेल तर सॉफ्टवेअरने चित्र दाखवायचा) पर्याय, जो डॉटनेट ४.५ पासून आहे, चालू ठेवा. वेग कमी होतो, पण चित्र टिकतं.

यूआय थ्रेड (इंटरफेस आणि क्लिक सांभाळणारा कामाचा धागा) अडकला की मॉडेलही अडकतं, ही मर्यादा मला सर्वांत जास्त टोचते. जड हिशेब आम्ही दुसऱ्या थ्रेडवर हलवले, तेव्हा कुठे फिरवणं गुळगुळीत झालं. प्रकल्प नव्याने सुरू करत असाल तर आधी विनयूआय या मायक्रोसॉफ्टच्या नव्या इंटरफेस चौकटीतलं स्वॅपचेनपॅनेल पाहा: तिथे स्वॅपचेनवर (पाळीपाळीने पडद्यावर जाणाऱ्या फ्रेमच्या संचावर) कंट्रोल थेट ठेवता येतात आणि डायरेक्टथ्रीडी ९ चा वळसा लागत नाही.