मुद्रण व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आमची झालेली फसवणूक

पुण्यातील आमच्या छापखान्यात ऑफसेट (प्लेटवरून छपाई), डिजिटल (प्लेटशिवाय, थेट संगणकावरून) आणि फ्लेक्स (मोठे फलक) अशी तिन्ही प्रकारची कामे होतात. या सगळ्यांचे अंदाजपत्रक, जॉबकार्ड (प्रत्येक कामाच्या तपशिलाची नोंद), कागदाचा साठा आणि बिल एकाच ठिकाणी यावे, म्हणून आम्ही एका विक्रेत्याकडून मुद्रण व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घेतले आणि त्या व्यवहारात आमची फसवणूक झाली. तक्रार दाखल झालेली असल्यामुळे विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. मात्र फसवणुकीची पद्धत इतकी विचारपूर्वक आखलेली होती की ती व्यवसायबंधूंसमोर तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते.

सॉफ्टवेअरची मूळ किंमत फार नव्हती. मोठी रक्कम होती ती कॉन्फिगरेशनची, म्हणजे आमच्या कामांप्रमाणे सॉफ्टवेअर बेतून देण्याची, आणि ती तिन्ही कार्यपद्धतींसाठी वेगवेगळी आकारलेली होती. ही मागणी वाजवीही होती, कारण प्रत्येक कामाचा हिशेब खरोखरच निराळा असतो. डिजिटलमध्ये दर क्लिकवर, म्हणजे मशीनने छापलेल्या प्रत्येक पानावर, ठरतो, त्यामुळे शंभर प्रती छापल्या काय किंवा हजार, प्रतीमागे खर्च जवळपास तेवढाच राहतो. फ्लेक्सला चौरस फूट मोजायचे असतात आणि वर आयलेट (कडेच्या धातूच्या कड्या), पायपिंग (कडेची नळी) व बसवणावळ धरायची असते. ऑफसेटमध्ये प्लेट, मशीन लावण्याचा वेळ आणि सुरुवातीचे वेस्टेज हा खर्च एकदाच होतो, मग प्रती वाढतील तसा प्रतीमागचा दर खाली येतो.

आम्हाला जे प्रात्यक्षिक दाखवले गेले ते व्हिजिटिंग कार्डांचे, म्हणजे निव्वळ डिजिटलचे होते, आणि ते निर्दोष चालले. ऑफसेटचे प्रात्यक्षिक मागितल्यावर 'तुमची मशीन आणि तुमचे दर भरल्याशिवाय ते दाखवता येत नाही' असे उत्तर मिळाले. ऐकायला ते पटण्यासारखे होते. त्यानंतर त्यांचा माणूस येऊन आमचे कागदाचे आकार, जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरचे वजन), प्लेटचे आणि बाइंडिंगचे दर लिहून घेऊन गेला, आणि पुढील भेटीत पडद्यावर ऑफसेट, डिजिटल आणि फ्लेक्स अशी तीन नावे दिसू लागली.

त्या नावांमागे काय होते, हे एका पुस्तकाच्या कामामुळे उघड झाले. डेमी आकाराचे, 160 पानांचे, एकरंगी पुस्तक होते आणि प्रती 1000 होत्या. 16 पानांचा फर्मा (एका तावावर छापून घडी घातलेली पाने) धरला तर 10 फर्मे होतात, दोन्ही बाजूंच्या मिळून 20 प्लेटा लागतात, आणि 18 बाय 23 इंचाचे 10,000 ताव, म्हणजेच 23 बाय 36 चे, प्रत्येकी 500 तावांचे 10 रीम, वेस्टेज सोडून लागतात. हे गणित आमचा जुना मशिनमन तोंडी सांगतो. सॉफ्टवेअरने मात्र पानांना प्रतींनी गुणून क्लिक काढले आणि प्लेटचा खर्च कोठेच धरला नाही. संशय आल्यामुळे तेच काम 5000 प्रतींचे म्हणून भरून पाहिले, तेव्हा प्रतीमागचा दर पैशानेही बदलला नाही. एकच डिजिटल साचा तीन नावांनी चिकटवून तीन कॉन्फिगरेशनचे पैसे घेतले होते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसावा. म्हणून ऑफसेट चालवणाऱ्या प्रत्येकाने पैसे देण्यापूर्वी हीच चाचणी, स्वतःच्या जुन्या जॉबकार्डावरचे आकडे घालून, विक्रेत्याच्या समोर करावी.

कराची मांडणीही तशीच होती. ग्राहकाने मजकूर दिलेले पुस्तक किंवा पत्रक आपल्या कागदावर छापले तर तो प्रामुख्याने सेवेचा पुरवठा ठरतो, तर छापील लिफाफे आणि खोकी हा वस्तूंचा पुरवठा ठरतो, हे 20 ऑक्टोबर 2017 च्या जीएसटी परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. विक्रेत्याने सगळ्याच कामांना कराचा एकच कोड लावून ठेवला होता. अशी बिले बाहेर गेली असती तर कर खात्यासमोर उत्तर आम्हालाच द्यावे लागले असते.

आम्ही उरलेला हप्ता थांबवला, तेव्हा त्यांनी आमच्याच कर्मचाऱ्यांच्या सह्या असलेले 'काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र' पाठवले. त्या सह्या प्रशिक्षणाच्या दिवशी हजेरी म्हणून कोऱ्या रकान्यांच्या कागदावर घेतलेल्या होत्या आणि वरचा मजकूर नंतर छापलेला होता. काउंटरवरची मुले या प्रकाराने इतकी घाबरली की नोकरी जाईल असे त्यांना वाटू लागले. त्यांचा यात काडीचाही दोष नाही, हे मी त्यांना सर्वांसमोर सांगितले. हजेरीच्या कागदावर वर कामाचे नाव आणि तारीख पेनाने लिहून, रिकाम्या जागेवर रेघ मारूनच सही करू द्यावी.

यानंतर एका सकाळी सर्व्हरवर लॉगिनच होईना. ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडेच होता आणि दुरून जोडणी करण्याचा प्रोग्रामही त्यांनी चालू ठेवला होता. पैसे भरा, मग माहिती उघडू, असा निरोप आला. ग्राहकांची यादी, दरपत्रके आणि अर्धवट कामांची जॉबकार्डे आत अडकली, आणि ती ऐन लग्नसराई होती. सुदैवाने आमच्या हिशेबनिसांनी सवयीने रोजची जॉबकार्डे कागदावरही लिहिली होती, त्यावरून कामे पुरी करता आली.

परवान्याची चौकशी आम्ही थेट मूळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे केली, तेव्हा तो अनुक्रमांक दुसऱ्याच ग्राहकाच्या नावावर असल्याचे कळले. बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरणाऱ्याला 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी खाली किमान 7 दिवसांची कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे, म्हणून उत्तर हाती पडताच ती प्रत आम्ही वापरातून काढली. बिलावरचा जीएसटी क्रमांकही रद्द झालेला निघाला. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो, आणि ही तपासणी पहिल्या भेटीनंतर लगेच व्हायला हवी.

आता वकिलामार्फत नोटीस दिली आहे, पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार केली आहे आणि सर्व्हर बंद केल्याबद्दल सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंद केली आहे. तक्रारीसोबत बँकेतून दिलेल्या रकमांचा उतारा, सह्यांचा तो कागद, मूळ कंपनीचे ईमेल आणि 1000 व 5000 प्रतींच्या दोन अंदाजपत्रकांच्या प्रती जोडल्या आहेत. नव्या विक्रेत्याशी बोलणी चालू आहेत. करारात ॲडमिनचा पासवर्ड आमच्याकडे राहील, सगळी माहिती एक्सेलमध्ये केव्हाही काढता येईल आणि प्रत्येक कार्यपद्धतीचे पैसे तिची चाचणी आमच्या जॉबवर उतरल्यानंतरच मिळतील, या अटी लेखी घातल्या आहेत.