‘९.४’ लिहिलेला डबा: जुनं कॉमिक घेताना मी कसा फसलो

गेल्या दिवाळीच्या आधी एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या बोलीत मी इंद्रजाल कॉमिक्सचा एक जुना मराठी अंक १८,५०० रुपयांना घेतला. वेताळाचा, म्हणजे फँटम या मुखवटा घातलेल्या नायकाचा, सत्तरच्या दशकातला. कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात सीलबंद, वर निळं लेबल आणि लेबलावर ठळक आकडा: ९.४. हा अंक तिन्ही बाजूंनी छाटलेला, मुखपृष्ठावर रंग भरलेला आणि मधली पानं बदललेला निघाला. ते कळायला मला दोन महिने लागले. दुसऱ्या कुणाला लागू नयेत म्हणून सगळं लिहितोय, जरा लांबलं तरी वाचा.

मी काही संग्राहक नाही. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ आमचं जुनं घर. थोरल्या भावाला आम्ही आप्पा म्हणतो. १९६४ साली मुंबईच्या टाइम्स समूहानं इंद्रजाल सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. मधल्या काळात आठशेच्या वर अंक निघाले. त्यातले दीडएकशे आप्पानं खाऊच्या पैशातून जमवले होते. मी ते फक्त वाचायचो, तेही हात धुऊन, कारण आप्पाची तशी सक्त ताकीद होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. माणसं आधीच वरच्या बाजूला नातेवाइकांकडे गेली होती, ट्रंक मात्र खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर सगळे अंक एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. आप्पा एक शब्द बोलला नाही. ट्रंक धुतली आणि गच्चीवर उन्हात पालथी घातली.

त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विकत घेतलेला अंक त्याला परत द्यायचा, एवढंच माझ्या मनात होतं. ग्रुपवर मी तसं लिहिलंही होतं. आता वाटतं, गिऱ्हाईक कोण आणि त्याची नड काय, हे मी स्वतःच सांगून टाकलं.

आठवड्याभरात नेमका तोच अंक बोलीला आला. विकणारा फोनवर फार नीट बोलायचा, मला ‘दादा’ म्हणायचा. म्हणाला, “दादा, हा रद्दीतला माल नाही, ग्रेडेड आहे.” मग त्यानं ग्रेडिंग समजावून सांगितलं, आणि त्यातलं अमेरिकेबद्दलचं अक्षर न् अक्षर खरं होतं. मी नंतर पडताळून पाहिलं. २००० सालापासून तिथं सीजीसी नावाची कंपनी कॉमिकची अवस्था तपासून ०.५ ते १० पर्यंत आकडा देते आणि अंक डब्यात बंद करते. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा १९३८ चा पहिला अंक दहा सेंटला मिळायचा. २०१० च्या फेब्रुवारीत त्याची ८.० ग्रेडची प्रत दहा लाख डॉलरला गेली. पुढच्याच महिन्यात ८.५ ची प्रत पंधरा लाखांना. अर्ध्या गुणाला पाच लाख डॉलर! आणि २०१३ मध्ये मिनेसोटातल्या एका जुन्या घराच्या भिंतीत त्याच अंकाची प्रत सापडली, तेव्हा घरातल्यांच्या ओढाताणीत मागचं पान फाटलं. तिला १.५ ग्रेड मिळाली आणि तरीही ती १,७५,००० डॉलरला विकली गेली.

हे ऐकल्यावर ९.४ हा आकडा माझ्या डोक्यात बसला. रात्री दहाला बोली संपणार होती. आठ हजारांपासून पुढे दोनच नंबर माझ्यावर चढत राहिले, दर वेळी पाचशेनं, दर वेळी मिनिटाभरात. ते दोन्ही नंबर त्याआधी ग्रुपवर कधी बोलले नव्हते आणि नंतरही बोलले नाहीत. १८,५०० वर मी थांबलो, तर तेही थांबले.

भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा डबा आप्पाच्या हातात दिला. त्याचे डोळे भरून आले. खूप वेळ बघत बसला, मग म्हणाला, “जरा लहान वाटतोय रे. वर एवढी कमी जागा नव्हती.” मी म्हटलं, लहानपणी सगळंच मोठं दिसतं. तो गप्प बसला. त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण डब्यावरच्या आकड्यापेक्षा त्याची आठवण खरी होती.

मी उद्यमनगरात एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतकामात हवेनं पडलेलं भोक, असला की काही जण तो मेटल पुट्टीनं भरतात आणि वरून रंग मारतात. बाहेरून जॉब चकाचक दिसतो, मशीनवर घेतला की पुट्टी निखळते. असे जॉब मी रोज बाजूला काढतो. सर्टिफिकेट कितीही छान असलं तरी जॉब हातात घेऊन मोजायचा, हे मला शिकवावं लागत नाही. पण आप्पाचं वाक्य डोक्यातून जायला तयार नव्हतं, तरी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात घ्यायला मला दोन महिने लागले.

जानेवारीत लक्ष्मीपुरीत एका रद्दीवाल्याकडे त्याच वर्षाचा इंद्रजालचा दुसरा अंक मिळाला. मुखपृष्ठ फाटकं, कोपरे दुमडलेले, किंमत ६० रुपये. घरी आणून डब्याशेजारी ठेवला आणि मोजला. डब्यातला अंक उंचीला सात मिलिमीटर आणि रुंदीला चार मिलिमीटर कमी भरला. छपाईत थोडा फरक पडतो हे मान्य, पण सात मिलिमीटर नाही.

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “दादा, डबा फोडू नका हं. फोडला की ग्रेड गेली, मग माझी जबाबदारी नाही.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. खऱ्या डब्यालाही हाच नियम आहे, डबा उघडला की त्यावरचा आकडा संपतो. म्हणूनच ही युक्ती चालते. अंक हातात घेतल्याशिवाय खोट कळत नाही, आणि हातात घेतला तर तक्रारीचा हक्क गेला, अशी भीती आधीच घालून ठेवलेली.

मी आधी चारही बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढले, मग हॅकसॉच्या पात्यानं डबा कापला. कडेला झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा पांढरा थर होता, हातानं भरलेला. अंक घेऊन महाद्वार रोडच्या मागच्या बाजूला एका जुन्या बायंडर मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला, कडेवरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, “ह्येला कटर मारलाय की वो. आन् ह्यो बांधलेला व्हता.”

त्यांनी मला पाठीजवळची भोकं दाखवली. ओळीत चार, गोंदानं बुजवलेली. पूर्वी वाचनालयं आणि हौशी लोक वीस-पंचवीस अंकांचा गठ्ठा करून बांधून घ्यायचे. दाभणानं भोकं पाडून टाके घालायचे, पुठ्ठा चढवायचा आणि तीन बाजू कटरखाली द्यायच्या. मामांनी स्वतः असे किती गठ्ठे बांधले याची गणती नाही. म्हणजे माझा ९.४ एखाद्या वाचनालयाच्या गठ्ठ्यातून सुटा केलेला होता. पिना नव्याकोऱ्या, चमकणाऱ्या, पण त्यांच्या भोवती जुन्या पिनांच्या गंजाचे तपकिरी डाग तसेच. मामा म्हणाले, “पिना नव्या, डाग जुना. कसं काय जमलं?”

मग गुजरीत एका सराफ मित्राकडे गेलो. त्याच्या भिंगातून मुखपृष्ठ पाहिलं. छापलेल्या भागात रंगाचे बारीक ठिपके रांगेनं दिसत होते. वेताळाच्या जांभळ्या पोशाखावर आणि कडेच्या काळ्या भागात मात्र ठिपके नाहीत, नुसता सपाट रंग, स्केचपेनचा. पान उलटलं तर त्याच जागी रंग आतल्या बाजूला झिरपलेला. त्याच्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा होता. त्याखाली बाकीची पानं काळपट राहिली आणि मधली चार पानं निळसर उजळली. साध्या जुन्या न्यूजप्रिंटला, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदाला, तशी चमक नसते, हल्लीच्या झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं. ती चार पानं रंगीत झेरॉक्स होती, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली. तिथं बसल्या बसल्या माझे हात थरथरले. १८,५०० रुपयांपेक्षा आप्पाला मी ही पानं दिली, याचा संताप होता.

खऱ्या ग्रेडिंगमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीला नाव आहे. कडा छाटणं, रंग भरणं, तुटका भाग जोडणं हे सगळं दुरुस्ती म्हणून धरतात, आणि सीजीसी अशा अंकाला निळ्याऐवजी जांभळं लेबल देते. त्याच आकड्याच्या निळ्या लेबलापेक्षा जांभळ्याचा भाव खूप खाली असतो. पानांचा रंगही लेबलावर लिहितात, पांढरी, मळकट पांढरी, पिवळसर की ठिसूळ, कारण न्यूजप्रिंटमधलं लिग्निन (लाकडातून कागदात येणारा घटक) हवा आणि उजेडानं पिवळं पडतंच. माझ्या लेबलावर यातलं काहीही नव्हतं. आकडा, बारकोड आणि एक लांबलचक सर्टिफिकेट नंबर. खऱ्या कंपनीचा नंबर तिच्या वेबसाइटवर टाकला की त्या अंकाची नोंद दिसते. माझ्या लेबलावरच्या कंपनीची वेबसाइटच नव्हती. आणि नोंद दिसली तरी तेवढ्यावर थांबू नका: खऱ्या डब्यांमधले अंक बदलून विकल्याचा प्रकार अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस उघडकीस आला. नोंदीतलं वर्णन आणि हातातला अंक, दोन्ही जुळायला हवेत.

आपल्या मराठी कॉमिक्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पानं पूर्ण आहेत का, कडा छाटलेल्या नाहीत ना, पिना मूळच्या आहेत का, एवढ्यावर भाव ठरवावा. दहा हातांत फिरलेला, कोपरा दुमडलेला, मागच्या पानावर कुणा पोराचं नाव लिहिलेला अंक खरा असतो. विकणारा मधल्या पानाचा आणि पट्टी ठेवून उंचीचा फोटो द्यायला तयार नसेल तर पुढं जाऊच नका. डब्यातला असेल तर उघडून दाखवायची अट पैसे देण्याआधी घाला.

पैशांचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, ऑनलाइन तक्रारही नोंदवली, यूपीआयचा तपशील, चॅट आणि डबा कापायच्या आधीचे व्हिडिओ जोडले. पैसे पाठवल्यापासून काही तासांत हा फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा तीन महिने होत आले होते. विकणाऱ्याचा नंबर तोपर्यंत बंद.

मी ग्रुपवर लेबलाचा फोटो टाकला. तासाभरात मला ग्रुपवरून काढलं, पण त्या तासाभरात तिघांनी तो पाहिला होता. त्यातले इचलकरंजीचे एक गृहस्थ रविवारी स्वतःचा डबा घेऊन घरी आले. त्यांचा अंक वेगळा, मॅंड्रेक जादूगाराचा, ग्रेड ९.६, किंमत २२,०००. आप्पानं दोन्ही लेबलं शेजारी धरली आणि चष्मा लावून आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले. सर्टिफिकेट नंबर शेवटच्या अंकापर्यंत एकच होता. त्या गृहस्थांनी काही न बोलता माझ्याकडे हात पुढं केला आणि हॅकसॉचं पातं मागितलं.