‘मी टू’, ‘आय डू टू’ की ‘सो डू आय’? इंग्रजीतलं ‘मला पण’

तारकर्लीच्या होमस्टेत पाहुणा वाटी रिकामी करून म्हणतो, ‘आय लव्ह सोलकढी.’ वाढणाऱ्याच्या मनात असतं ‘माका पण’, आणि तोंडातून निघतं ‘मी ऑल्सो’. पाहुण्याला अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. त्याऐवजी म्हणता येतील अशी उत्तरं तीन: ‘मी टू’, ‘आय डू टू’ आणि ‘सो डू आय’. तिन्ही बरोबर आहेत. आधी कोणतं घोटायचं, हे तुमचं कोणाशी बोलणं होतं त्यावर ठरवा.

‘मी टू’ सर्वांत स्वस्त. काळ बघायचा नाही, क्रियापद बघायचं नाही. (यातला ‘मी’ आपला नव्हे, त्याचा अर्थ ‘मला’. योगायोगाने कानाला ओळखीचा वाटतो, एवढंच.) फसतं ते नकारात. पाहुणा म्हणाला, ‘आय डोन्ट ईट प्रॉन्स,’ तर ‘मी टू’ चालत नाही. ‘मी नायदर’ म्हणावं लागतं. मराठीत ‘पण’ होकार-नकार दोन्हीला पुरतो, म्हणून ही चूक आपल्याकडे हमखास होते. निघताना तो ‘हॅव अ नाइस डे’ म्हणाला, तर मात्र ‘यू टू’. तिथे ‘मी टू’ म्हणजे शुभेच्छा स्वतःलाच.

‘सो डू आय’ जास्त नेटकं आहे, पण मेहनत मागतं. मराठीत आपण समोरच्याची विभक्ती उचलतो: मी पण, मला पण, माझं पण. इंग्रजीत उचलायचं ते सहायक क्रियापद. ‘आय ॲम फ्रॉम गुहागर’ला ‘सो ॲम आय’, ‘आय कॅन स्विम’ला ‘सो कॅन आय’. वाक्यात सहायक नसेल तर डू, डज, डिड यांतलं एक आणायचं. ‘आय केम बाय ट्रेन’ला ‘सो डिड आय’. आणि तुमचा भाऊ आला असेल तर ‘सो डिड माय ब्रदर’.

गोची होते ती ‘हॅव’पाशी. ‘आय हॅव सीन द फोर्ट’ यात हॅव सहायक आहे, म्हणून ‘सो हॅव आय’. ‘आय हॅव अ बोट’ यात तेच मुख्य क्रियापद, होडी मालकीची आहे एवढंच सांगणारं, म्हणून ‘सो डू आय’. आणि ‘आय हॅव गॉट अ बोट’ म्हटलं की पुन्हा ‘सो हॅव आय’. घाईच्या बोलण्यात ‘आयड’ ऐकू आलं तर पुढचा शब्द पकडा: ‘आयड लाइक सम टी’ला ‘सो वुड आय’, ‘आयड सीन इट बिफोर’ला ‘सो हॅड आय’.

क्रमही सांभाळावा लागतो. ‘यू हॅव गॉट सँड ऑन युअर कॉलर’वर ‘सो आय हॅव’ म्हणजे ‘अरे हो की, लागलीय खरी!’ आणि ‘सो हॅव आय’ म्हणजे ‘माझ्यापण कॉलरला आहे’.

नकारात ‘सो’च्या जागी ‘नायदर’ येतं: ‘नायदर डू आय’. ‘नेव्हर’ आणि ‘हार्डली’ हे छुपे नकार आहेत, म्हणून ‘आय हॅव नेव्हर सीन अ डॉल्फिन’ला ‘नायदर हॅव आय’. उलट ‘आय डिसलाइक’ अर्थाने नकार असला तरी व्याकरणाने होकारच. उत्तर ‘सो डू आय’.

‘आय डू टू’ मधला रस्ता. सहायक निवडावंच लागतं, उलटापालट मात्र वाचते. नकारात ‘आय डोन्ट आयदर’. ‘आय डोन्ट टू’ चूक आणि ‘आय डोन्ट नायदर’ दुहेरी नकार. ज्यांना उलटा क्रम जीभेवर बसत नाही, त्यांनी हाच घ्यावा.

होमस्टे किंवा बोटीवरच्या कामाला ‘मी टू’ आणि ‘मी नायदर’ भागतं. पण त्याआधी एक सवय मोडा. ‘यू डोन्ट हॅव सुरमई टुडे?’ याला आपण ‘हो, नाहीये’ या हिशेबाने ‘यस’ म्हणतो आणि पाहुणा ताटाची वाट बघत बसतो. मासळी नसेल तर ‘नो, वी डोन्ट’. कॉलेजची तोंडी परीक्षा किंवा नोकरीची मुलाखत असेल तर ‘सो’ आणि ‘नायदर’वर आठवडाभर बसा, तिथे ‘मी टू’ फार सैल वाटतं.

जहाजावर जाणाऱ्या मुलांसाठी हिशेब निराळा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली स्वीकारलेल्या प्रमाण सागरी वाक्प्रयोगांत तोकडं उत्तर चालत नाही. रेडिओवर ‘डू यू रिक्वायर टग्ज?’ (टग म्हणजे मोठं जहाज ओढणारी बोट) असं विचारलं, तर ‘यस, आय डू’वर थांबायचं नाही. ‘यस, आय रिक्वायर टू टग्ज’ (इथला ‘टू’ म्हणजे दोन) असं पूर्ण वाक्य बोलायचं.