नौपाड्यातलं फोटो स्कॅनिंगचं दुकान: काम चोख, पण फोटोची पाठ विसरतात

स्कॅनिंग उत्तम. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट आकाराला १२०० सांगा. फाइल टिफमध्येच घ्या, त्यात तपशील गळत नाही; दाबून लहान केलेली जेपेग व्हॉट्सअ‍ॅपपुरती. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो इथे ओढून काढत नाहीत. कोपऱ्याखालून डेंटल फ्लॉस करवतीसारखा हळूहळू सरकवतात. एवढी काळजी फार कमी ठिकाणी घेतात.

लालसर पडलेल्या जुन्या रंगीत फोटोंना मात्र सरसकट ऑटो करेक्शन मारतात. त्यात साडीचा मूळ रंगच बदलू शकतो. न सुधारलेला स्कॅन वेगळा मागाच.

खरी उणीव म्हणजे फोटोची पाठ स्कॅन करत नाहीत. ‘मुंज, मे १९७४’ हे तिथेच लिहिलेलं असतं! पाठ कोरी असेल तर घरच्यांच्या आठवणीवरच भिस्त. पण आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि चार जण एकत्र बसले की एकाचं सांगणं सगळ्यांचं होऊन जातं. म्हणून आजी, काका, आत्या यांना वेगवेगळं विचारा. कोणी काय सांगितलं तेही नोंदवा. पाठीवर मऊ पेन्सिलीनेच लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पाठीच्या स्कॅनचे जादा पैसे मागितले तरी द्या.