रविवारचा चित्रकला वर्ग, कोल्हापूर

हुपरीत २२ वर्षं चांदीवर नक्षी कोरतोय. छापा ठेवायचा आणि कोरायचं. स्वतःच्या हातानं मोर काढायचा म्हटलं की कोंबडी व्हायची! म्हणून हा वर्ग लावला.

सरांनी पहिल्याच दिवशी खोडरबर काढून घेतला. म्हणाले, "चांदीवर खोडता येतं का?" मग महिनाभर नुसत्या वेली, पेनानं, एका दमात. त्यानं माझी कोरणी सुधारली. वळणावर दाब वाढवून रेघ जाड आणि टोकाला हलकी सोडायची, हे आता हाताला कळतं. कोळशानं घासून सावली शिकवली, ती मात्र आमच्या काय कामाची? आम्हाला सावलीसुद्धा रेघा जवळजवळ मारूनच दाखवावी लागते.

तिसरा मजला, लिफ्ट नाही.

परवा करंड्यावर छाप्याशिवाय मोर कोरला. पिसारा जमला, पाय अजून कोंबडीचेच.